पोलाद, स्टेनलेस आणि निटिनॉल: स्फटिकरचना बदलल्याचे ओळखायचे कसे

धातूचा तुकडा तापवून गार केला किंवा नुसता वाकवला, तर बाहेरून फारसे काही दिसत नाही. आत मात्र अणूंची सगळी मांडणी बदललेली असू शकते. ती मांडणी मोजायला एक्स-रे यंत्र लागते, पण ती बदलली एवढे कळायला लागत नाही. तापणारी तार मध्येच आखडते, चुंबक सोडून देतो किंवा धरू लागतो, विझत चाललेली लाली पुन्हा उजळते, कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. या खुणा कशा वाचायच्या ते खालच्या चार प्रयोगांतून शिकता येते. पहिले दोन प्रयोग उष्णतेने होणाऱ्या बदलाचे आहेत, तिसरा केवळ ताणाने होणाऱ्या बदलाचा, आणि चौथ्यात दोन्ही एकत्र येतात. प्रयोग याच क्रमाने करावेत, कारण पहिल्यात जे दिसते त्यावरच पुढचे समजते.

आधी एवढे समजून घ्या

शुद्ध लोखंड खोलीच्या तापमानाला बीसीसी मांडणीत असते, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि एक मधोमध. ९१२ अंश सेल्सिअसला ते एफसीसी होते, म्हणजे कोपऱ्यांवर अणू आणि सहा फलकांच्या मध्यावर एकेक. १३९४ अंशांना ते परत बीसीसी होते आणि १५३८ अंशांना वितळते. बीसीसीत अणूंनी ६८ टक्के जागा व्यापलेली असते, एफसीसीत ७४ टक्के. म्हणून ९१२ अंश ओलांडताना लोखंड तापत असूनही आकसते.

इथे एक कोडे आहे आणि ते सुटल्याशिवाय पुढे जाऊ नये. एफसीसी जास्त दाट, तरीही कार्बन तिच्यातच जास्त विरघळतो. ७२७ अंशांना बीसीसी लोखंडात जेमतेम ०.०२२ टक्के कार्बन मावतो, तर एफसीसीत सुमारे ०.७७ टक्के. एकूण मोकळी जागा किती यापेक्षा एकेक पोकळी केवढी, हे इथे ठरवणारे असते. बीसीसीत पोकळ्या पुष्कळ, पण बारीक असतात. एफसीसीत त्या थोड्या, पण मोठ्या असतात.

कार्बन विरघळलेल्या एफसीसी लोखंडाला ऑस्टेनाइट म्हणतात. गार होताना त्याला बीसीसीत परतायचे असते, पण पोटात मावणार नाही एवढा कार्बन असतो. वेळ मिळाला तर कार्बन सरकत सरकत बाजूला होतो आणि फेराइट (जवळजवळ कार्बन नसलेले बीसीसी लोखंड) व सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचे कठीण संयुग) यांचे एकाआड एक पापुद्रे बनतात, हे पर्लाइट. वेळ मिळाला नाही तर कार्बन जागच्या जागी अडकतो आणि अणूंच्या रांगा सगळ्या मिळून तिरक्या सरकतात. त्यातून एका दिशेने ताणलेली मांडणी तयार होते, हे मार्टेन्साइट. ०.८ टक्के कार्बन असेल तर तिची उभी बाजू आडवीपेक्षा सुमारे ३.६ टक्के लांब असते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून फ्लोरिस ऑस्माँ यांनी १८९५ मध्ये हे नाव दिले.

या दोन वाटांतला फरक मनात पक्का ठेवा. कार्बनचे सरकणे हे वेळेचे काम आहे. रांगांचे तिरके सरकणे वेळेवर जवळजवळ अवलंबून नसते. तापमान किती खाली गेले किंवा ताण किती वाढला, एवढेच तिथे मोजले जाते. पुढच्या प्रत्येक चुकीचे कारण या एका फरकात सापडते.

पहिला प्रयोग: तापलेली तार

पियानोची पोलादी तार घ्या, ०.५ मिमी व्यासाची आणि अर्धा मीटर लांब. तिच्यात साधारण ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असतो. मऊ लोखंडी तारेत हा बदल वरच्या तापमानाला आणि पसरट होतो, त्यामुळे तो नीट दिसत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तार तर मुळीच नको, तिच्यातून जस्ताचा विषारी धूर निघतो.

तार दोन चिनीमातीच्या किंवा विटेच्या आधारांवर आडवी बांधा. मध्यावर ५ ते १० ग्रॅमचे वजन तारेच्याच आकड्याने अडकवा, कारण दोरा जळून जाईल. वजनामागे उभी पट्टी ठेवा. मेन्सपासून विलग असलेला आणि करंटवर मर्यादा घालता येणारा डीसी पुरवठा लागेल. लाल तापलेल्या अशा तारेला सुमारे २० व्होल्ट आणि ६ ते ८ अँपिअर लागतात, पण गार तारेचा विद्युतरोध लाल तापलेल्या तारेच्या साधारण एक-षष्ठांशच असतो. थेट २० व्होल्ट दिले तर पुरवठा उडतो किंवा तार. म्हणून मर्यादा २ अँपिअरला ठेवून सुरुवात करा आणि दर अर्ध्या मिनिटाला अर्धा अँपिअर वाढवा. तारेखाली काही जळणारे नको, डोळ्यांवर चष्मा हवा.

खोलीत अंधार करा. तार लांबत जाईल आणि वजन खाली येईल. लाल रंग स्पष्ट झाल्यावर एका क्षणी वजन किंचित वर उचलले जाते, मग परत खाली जाऊ लागते. तो क्षण म्हणजे बीसीसीतून एफसीसीत जाणे. तार उजळ नारिंगी-लाल झाली की पुरवठा बंद करा आणि नजर हलवू नका. वजन वर येत असताना मध्येच एकदम खाली झुकते आणि त्याच वेळी विझत आलेली लाली क्षणभर उजळते. विल्यम बॅरेट यांनी १८७३ मध्ये हीच उजळणी नोंदवली होती. मांडणी बदलताना साठलेली उष्णता बाहेर पडते, आणि गार होणारी तार स्वतःच्याच उष्णतेने पुन्हा तापते.

उजळणी दिसली नाही तर बहुधा खोलीत उजेड जास्त आहे, किंवा तार पुरेशी तापली नव्हती. दर फेरीनंतर तार थोडी कायमची लांबते, कारण मांडणी बदलत असताना धातू अगदी हलक्या वजनालाही वश होतो. प्रत्येक वेळी शून्याची खूण नव्याने करा.

दुसरा प्रयोग: एकाच सळईचे चार स्वभाव

१०८० किंवा १०८४ दर्जाच्या (सुमारे ०.८ टक्के कार्बनच्या) पोलादाची ६ मिमीची सळई घ्या आणि तिचे १०० मिमीचे चार तुकडे कापा. भंगारातले अनोळखी पोलाद शिकण्याच्या काळात नको. निकाल बिघडला तर पोलाद वेगळे होते की हात चुकला, हे कळायला मार्ग राहत नाही.

चारही तुकडे विजेच्या भट्टीत ८०० ते ८१० अंशांना ठेवा. के-टाइप थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडाचे) टोक तुकड्याला टेकलेले असावे. भट्टीच्या भिंतीजवळचे तापमान तीस-चाळीस अंशांनी वेगळे असू शकते. तुकडा त्या तापमानाला पोचल्यावर ५ ते १० मिनिटे थांबा, म्हणजे सिमेंटाइट विरघळेल. मग:

१. पहिला तुकडा भट्टीतच राहू द्या आणि भट्टी बंद करा. काही तासांनी तो मऊ, जाड पर्लाइटचा होऊन निघतो.

२. दुसरा स्थिर हवेत टांगा. पर्लाइटच, पण बारीक पापुद्र्यांचे, म्हणून पहिल्यापेक्षा कठीण.

३. तिसरा आणि चौथा ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या क्वेंचिंग तेलात बुडवा (क्वेंच म्हणजे झटकन गार करणे). तेल किमान ४ लिटर, धातूच्या झाकणाच्या डब्यात. तुकडा उभा धरून वर-खाली हलवा. आडवा हलवला तर एक बाजू आधी गार होते आणि सळई वाकते.

४. चौथा तुकडा हाताला सोसेल इतका गार झाला की लगेच २०० अंशांना दोन तास ठेवा, गार करा, पुन्हा दोन तास ठेवा. याला टेम्परिंग म्हणतात.

भट्टीतून तेलापर्यंतचे अंतर दोन पावलांपेक्षा जास्त नको. ५४० अंशांच्या आसपास या पोलादाला पर्लाइटची सुरुवात करायला साधारण एक सेकंद पुरतो. तो टप्पा त्याआधी ओलांडायचा असतो. २०० अंशांच्या खाली मात्र घाई नको. तेल कोमट ठेवण्याचे कारणही वरच्या टप्प्यातलेच: गार तेल घट्ट असते, ते तुकड्याभोवतीची वाफ लवकर हटवत नाही आणि गार करायला उशीर लावते. तेलात पाण्याचा थेंबही नसावा, नाही तर ते उसळून पेटते. पेटलेच तर झाकण टाका, पाणी कधीही नाही.

आता नवी कानस घ्या. पहिल्या तुकड्यात ती सहज रुतेल, दुसऱ्यात जरा जोर लागेल, तिसऱ्यावरून घसरेल. तिसरा तुकडा कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ६४-६५ भरायला हवा, चौथा ६०-६१ च्या आसपास. तिसऱ्यातही कानस रुतली तर निराश होण्याआधी ०.२ मिमी घासून पुन्हा पाहा. भट्टीतल्या हवेने वरच्या थरातला कार्बन खाल्लेला असतो, आतले पोलाद नीट झालेले असू शकते. घासूनही रुतत असेल तर तीनच शक्यता: तापमान कमी पडले, तेलापर्यंत पोचायला उशीर झाला, किंवा तेल संथ आहे.

तिसरा तुकडा जाड फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, चष्मा लावा आणि हातोड्याने मोडा. मोडलेला पृष्ठभाग मखमलीसारखा करडा हवा. साखरेसारखे चमचमणारे कण दिसले तर तुकडा जास्त तापला होता आणि ऑस्टेनाइटचे दाणे, म्हणजे बारीक स्फटिक, फुगले होते. ही परीक्षा फुकट असूनही फार कमी लोक करतात, आणि भट्टीच्या थर्मोकपलवर आंधळा विश्वास ठेवतात.

मार्टेन्साइट किती झाले, याचा हिशेब

गार होताना मार्टेन्साइट ज्या तापमानाला सुरू होते त्याला एमएस म्हणतात. ते काढण्याचे अँड्र्यूज यांचे १९६५ चे सूत्र हाताशी ठेवावे:

एमएस = ५३९ − ४२३ × कार्बन − ३०.४ × मँगनीज − १७.७ × निकेल − १२.१ × क्रोमियम − ७.५ × मॉलिब्डेनम

घटक वजनी टक्क्यांत, उत्तर अंश सेल्सिअसमध्ये. ०.८ टक्के कार्बन आणि ०.७ टक्के मँगनीज असेल तर एमएस सुमारे १८० येते. कार्बन ०.४५ टक्के केला तर ३२७. किती भाग बदलला हे कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांच्या १९५९ च्या सूत्राने काढतात: उरलेला ऑस्टेनाइट म्हणजे ई (२.७१८ ही संख्या) चा उणे ०.०११ × (एमएस − तापमान) हा घात. २० अंशांना पहिल्या पोलादात साधारण १७ टक्के ऑस्टेनाइट उरते, दुसऱ्यात ३ टक्के. आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा खरी आहे: कार्बन जितका जास्त, तितका बदल अर्धवट राहण्याचा धोका जास्त. सूत्रात वेळ कुठेच नाही, हेही पाहा. तुकडा २० अंशांना तासभर ठेवून जवळजवळ काही होत नाही. पुढचा बदल हवा तर आणखी थंड करावे लागते.

म्हणूनच मोजमापाची साधने आणि बेअरिंगचे भाग क्वेंचनंतर उणे ७८ अंशांपर्यंत नेतात. अल्कोहोलात कोरडा बर्फ टाकून ते साधते. हे लवकर करावे. तुकडा खोलीत दिवसभर पडून राहिला तर उरलेले ऑस्टेनाइट हट्टी होते आणि थंडीला दाद देत नाही. ते तसेच ठेवले तर वापरात भार आल्यावर बदलते आणि भागाचे माप वाढते.

तडा का जातो

ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होताना घनफळ सुमारे ४ टक्क्यांपर्यंत वाढते. तुकड्याची बाहेरची साल आधी गार होते, आधी बदलते आणि काचेसारखी कडक होते. मग आतला गाभा बदलतो, फुगतो आणि त्या कडक सालीला आतून ढकलतो. साल ताणली जाते आणि तडकते. म्हणूनच तडा बऱ्याचदा तेलात असताना न जाता बाहेर काढल्यावर, कधी टेबलावर ठेवल्यावर जातो. टिणकन आवाज येतो आणि काम संपते.

यावर उपाय चार आहेत. या पोलादाला पाण्यात बुडवू नका. आतले कोपरे गोल ठेवा. खोल ठशाचे आकडे आणि कानशीचे आडवे ओरखडे आधी घासून काढा. आणि टेम्परिंग तासाभराच्या आत करा. चौथा उपाय सगळ्यात सोपा आहे, तरी सर्वात जास्त मोडला जातो.

टेम्परिंगमध्ये अडकलेला कार्बन बारीक कार्बाइड होऊन बाहेर पडतो आणि ताणलेली मांडणी सैल होते. २६० ते ३७० अंशांचा पट्टा टाळावा, तिथे बऱ्याच पोलादांत कठीणपणा उतरतो आणि चिवटपणा मात्र वाढण्याऐवजी कमी होतो. रंगावरून तापमान ओळखणार असाल तर फिकट पिवळा रंग २०० ते २२० अंशांचा, निळा सुमारे ३०० चा. वेळ वाढला तर तोच रंग कमी तापमानालाही चढतो, त्यामुळे दोन तासांच्या टेम्परिंगला रंगाचा भरवसा नाही.

तिसरा प्रयोग: नुसत्या वाकवण्याने

आता भट्टी बंद. ३०४ स्टेनलेसची २ मिमीची ॲनील केलेली (तापवून मऊ केलेली) तार किंवा पट्टी घ्या, शक्य असल्यास ३१६ ची जोडीला. ३०४ मध्ये निकेल आणि क्रोमियममुळे एफसीसी ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही टिकून असते, पण काठावर बसल्यासारखे. थंडीने एकट्याने ते सहसा ढळत नाही. त्याला ताणाची साथ मिळाली की ढळते.

छोटा निओडिमियम चुंबक २०-३० सेंटिमीटरच्या दोऱ्याला टांगा आणि पट्टी हळूच जवळ न्या. चुंबक हलायला नको. आधीच ओढला गेला तर ती पट्टी थंड अवस्थेत खेचून बनवलेली आहे, दुसरी घ्या. आता एकाच जागी पुढे-मागे चार-पाच वेळा ९० अंशांत वाकवा आणि फक्त तो भाग चुंबकाजवळ न्या. ३०४ चुंबकाला ओढेल, ३१६ फारच कमी किंवा नाहीच. वाकवण्याच्या जागी बीसीसीसारखे मार्टेन्साइट तयार झाले आहे.

वाकवण्याचा वेग महत्त्वाचा. भराभर वाकवले तर जागा गरम होते आणि गरम ऑस्टेनाइट बदलायला तयार नसते. हळू, दर वेळी थांबून, किंवा बर्फाच्या पाण्यात बुडवून वाकवा. ओढ स्पष्ट वाढलेली दिसेल. या प्रवृत्तीचे माप एमडी-३० या तापमानाने देतात: ज्या तापमानाला ३० टक्के विकृती (ताणून किंवा वाकवून केलेला आकारबदल) दिल्यावर निम्मे ऑस्टेनाइट बदलते ते. ३०४ चे ते घटकांप्रमाणे खोलीच्या तापमानाच्या आसपास येते, ३१६ चे त्याहून बरेच खाली. एकाच नावाच्या दोन पट्ट्या वेगळ्या वागतात त्याचे कारणही हेच. निकेलचा अर्धा टक्का इकडे-तिकडे झाला तरी फरक पडतो.

परत फिरवायचे तर तुकडा १०५० अंशांना काही मिनिटे ठेवून पाण्यात बुडवा. चुंबक सोडून देईल. इथे पाणी चालते, कारण एवढ्या निकेल-क्रोमियमचे ऑस्टेनाइट क्वेंचने कडक होत नाही. उलट संथ गार करणे धोक्याचे: ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळले तर दाण्यांच्या सीमांवर क्रोमियमचे कार्बाइड बसते आणि तिथून गंज लागतो. ओढ थोडी शिल्लक राहिली तर तुकडा वेल्डचा किंवा ओतीव आहे का पाहा. त्यांत काही टक्के फेराइट मुद्दाम ठेवलेले असते.

चौथा प्रयोग: निटिनॉल

निकेल आणि टायटॅनियम यांचा जवळजवळ समान अणुसंख्येचा हा मिश्रधातू. यातला मार्टेन्साइट बदल पोलादासारखा एकदिशेचा नसतो. तो उलटवता येतो. घेताना तार आकार लक्षात ठेवणारी आहे की अतिलवचीक, हे विचारून घ्या. फरक इतकाच की पहिलीचे बदलाचे तापमान खोलीच्या वर असते, दुसरीचे खाली. निकेल ०.१ अणुटक्क्याने वाढले तरी हे तापमान दहा-एक अंशांनी उतरते, म्हणून घरी मिश्रण जुळवण्याचा विचार सोडून द्यावा.

आकार बसवण्यासाठी ०.५ मिमीची तार पोलादी साच्यावर घट्ट आवळा, ५०० ते ५२० अंशांना १० मिनिटे ठेवा आणि साच्यासकट पाण्यात बुडवा. ४०० अंशांच्या खाली आकार नीट बसत नाही, ६०० च्या वर तार मवाळ होते आणि दर फेरीला आकार विसरत जाते. पकड सैल असेल तर तापतानाच तार जुन्या आकाराकडे सुटते. बहुतेक अपयश इथेच येते.

आकार लक्षात ठेवणारी तार बर्फाच्या पाण्यात वाकवा, मग ७०-८० अंशांच्या पाण्यात सोडा. ती परत फिरेल. वाकवण्याची मर्यादा मात्र पाळा. तार ज्या दांड्यावर वाकवता त्याचा व्यास तारेच्या १६ पट असेल तर बाहेरच्या कडेची विकृती सुमारे ६ टक्के येते. ०.५ मिमीच्या तारेला ८ मिमीचा दांडा हवा. ८ टक्क्यांच्या पुढे गेलात तर अणू शेजारी बदलतात आणि परतीची वाट बंद होते.

अतिलवचीक तार हातमोजे घालून दोन टोकांना धरा, झटकन ताणा आणि मधला भाग ओठाला किंवा मनगटाला लावा. ती उबदार लागते. थोडा वेळ ताणून धरा, मग एकदम सोडा. आता ती गार लागते. पहिल्या प्रयोगात लाली उजळवणारी उष्णता तीच ही, इथे ती ताणाने बाहेर काढलेली. तापमान एक अंशाने वाढवले तर हा बदल घडवायला साधारण ६ ते ८ मेगापास्कल जास्त ताण लागतो, म्हणून उन्हात तीच तार अधिक ताठ वाटते.

फसवणाऱ्या खुणा

चुंबकाने सोडले म्हणजे पोलाद क्वेंचला तयार, ही समजूत फार पसरलेली आहे. ०.८ टक्के कार्बनच्या पोलादात ती बरीचशी चालते, कारण तिथे ऑस्टेनाइट झाले म्हणूनच चुंबक सुटतो. त्यावर ४०-५० अंश चढवले की पुरे. कमी कार्बनच्या पोलादात मात्र फेराइट ७७० अंशांना मांडणी न बदलताच चुंबकत्व सोडते. ०.४५ टक्के कार्बनच्या पोलादाला ८४० ते ८६० अंश हवेत. चुंबकावर विसंबलात तर काही मऊ फेराइट आत राहील.

टिनची कांडी वाकवली की ती कुरकुरते. हा आवाज स्फटिकांचे जुळे भाग (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे) पडल्याचा आहे, मांडणी तीच राहते. टिनचा खरा बदल १३.२ अंशांच्या खाली, तोही फार हळू होतो. पांढऱ्या धातूवर करड्या गाठी उठतात, घनफळ २७ टक्क्यांनी वाढते आणि कांडी भुकटी होऊन गळते.

रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले सुमारे १२ टक्के मँगनीजचे पोलाद हातोड्याखाली झपाट्याने कडक होते, आणि नवखा माणूस त्याला मार्टेन्साइट समजतो. तेही बहुतांशी जुळे भाग पडल्याने होते. पारख चुंबकाने करता येते: ठोकलेली जागा चुंबकाला धरत नाही. पण भट्टीतून आलेल्या अशा तुकड्याची वरची साल कार्बन आणि मँगनीज गमावून चुंबकाला धरू लागलेली असते, म्हणून आधी अर्धा मिलिमीटर घासून काढा आणि मग चुंबक लावा.